तारेच्या आतले, वेशीच्या बाहेरचे

गड्ड्याची जत्रा उठली आणि पुढच्याच आठवड्यात आमच्या विहाराच्या पाठीमागील मोकळ्या जागेत चार पालं पडली. सकाळी वंदनेला गेलो तेव्हा तीन दगडांची चूल पेटलेली होती, दोन शेळ्या खुंट्याला बांधल्या होत्या आणि एक पोर विहाराच्या भिंतीला टेकून उन्हाला बसले होते. पारधी होते. संध्याकाळपर्यंत वस्तीत कुजबूज सुरू झाली, दुसऱ्या दिवशी तिची चर्चा झाली आणि तिसऱ्या दिवशी विहारात बैठक बसली. विषय एकच : या लोकांना येथून हलवायचे कसे?

आम्ही कारखान्यात बरीच वर्षे मुनीमकी केली. त्यामुळे वस्तीत अर्ज लिहायचा झाला की कागद आमच्याकडेच येतो. त्याही दिवशी आला. आम्ही लिहिले, "सदर जागा ही आमच्या बौद्ध समाजाची असून तेथे परक्या लोकांनी अतिक्रमण केले आहे. त्यांच्या वास्तव्यामुळे आमच्या माता-भगिनींना त्रास होत असून चोऱ्यांचे भय निर्माण झाले आहे. तरी सदर लोकांना तत्काळ हटविण्यात यावे." खाली एक्केचाळीस सह्या झाल्या. पहिली आमची.

अर्ज घरी आणला. दुसऱ्या दिवशी कचेरीत द्यायचा होता. आमची आई पंच्याऐंशी ओलांडलेली. डोळ्यांना कमी दिसते, कान मात्र शाबूत आहेत. म्हणाली, वाच बघू काय लिवलंस. वाचून दाखविले.

"परकं म्हंजी कोण रं?"

"पारधी, आई."

"आन् जागा आपली कवापासनं?"

"पूर्वीपासून."

"पूर्वी म्हंजी? मी लगीन होऊन आले तवा हितं निस्ता माळ हुता. तुझ्या आज्यानं चार बांबू रवलं, वर गोणपाट टाकलं. दोन बारीला मालकाच्या माणसांनी उपटून टाकलं ते. आन् चोरी म्हणतुयास ती नळाची तोटी. ती गेली दिवाळीत. ही माणसं आली आत्ता."

आम्ही गप्प बसलो. तोटी खरोखरच दिवाळीत गेली होती. आणि जागेचे म्हणाल तर ती कागदोपत्री आमच्या समाजाची नाहीच. नकाशात ती 'मोकळी जागा' आहे. विहाराची भिंतसुद्धा आधी उभी राहिली आणि कागद मागून झाले. सोलापुरातल्या किती वस्त्यांची हीच कथा आहे ते वाचकांना सांगायला नको.

आजोबांना आम्ही तात्या म्हणत असू. तात्या मंगळवेढ्याकडून आले आणि जुन्या गिरणीत लागले. त्यांच्या खात्यात सेटलमेंटची माणसे होती. सोलापुरात 'सेटलमेंट' हा शब्द ठाऊक नाही असा माणूस विरळा. रिक्षावाल्याला सांगा, तो न विचारता नेऊन सोडतो. पण तो शब्द आला कोठून हे आज त्या भागात राहणाऱ्या पोरांनाही पुरते ठाऊक नसते. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ च्या नव्या कायद्याने तो मुंबई इलाख्यासह देशभर लागू करता आला. जन्माला आले की गुन्हेगार, असा तो कायदा होता. पारधी, कैकाडी, टकारी, भामटा, कंजारभाट, मांग गारुडी अशा जमातींना गोळा करून तारेच्या कुंपणात ठेवण्यात आले. विजापूर, हुबळी, गदग आणि आपले सोलापूर येथे अशा वसाहती झाल्या. सोलापूरची वसाहत अमेरिकन मराठी मिशनने चालविली. जागा सोलापूरच का? कारण येथे गिरण्या होत्या आणि गिरण्यांना हात हवे होते. बाहेर जायचे तर पास लागे, ठरल्या वेळी हजेरी लागे. वर्तन चांगले ठरले तर तारेबाहेरच्या 'फ्री कॉलनी'त घर मिळे. 'सेटलमेंट फ्री कॉलनी' हे नाव आजही पत्त्यावर लिहितात. मोकळी वसाहत म्हणजे काय, हे तार पाहिल्याशिवाय कळत नाही.

तात्या सांगत की, एकाच साच्यावर आम्ही बरोबर उभे राहायचो, भोंगा झाला की मी बाजारात जायचो आणि तो हजेरीला पळायचा. उशीर झाला तर त्याची खैर नसे. तात्यांना त्या माणसाची कीव येई. पण त्याच तात्यांना गावी गेल्यावर वेशीच्या आत पायात वहाणा घालून जाता येत नसे. तात्यांना आत येऊ दिले जात नव्हते आणि त्याला बाहेर जाऊ दिले जात नव्हते. दोघेही एकाच खात्यात सूत काढत होते.

हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर रद्द झाला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. कायदा गेला, पण मुंबई राज्यात १९५९ साली सराईत गुन्हेगारांचा कायदा आला, आणि पोलीस ठाण्याच्या वहीत जुनीच नावे नव्या मथळ्याखाली राहिली. तुरुंगाच्या नियमावल्यांमध्ये तर विमुक्त जमातींना जन्मजात गुन्हेगार धरणाऱ्या तरतुदी होत्या. त्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरविल्या. म्हणजे परवाची गोष्ट.

आईच्या बोलण्याने आमची झोप उडाली हे खरे. सकाळी अर्ज खिशात ठेवून आम्ही पालाकडे गेलो. एक वयस्कर बाबा फाटक्या जाळ्याला गाठी मारत होते. आम्हांला पाहताच उठून उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "चूक झाली असंल तर सांगा, मालक."

मालक! आमच्या तात्यांनी हा शब्द पाटलाला वापरला. त्यांच्या वडिलांनी वापरला. आमच्या पिढीने तो तोंडातून कायमचा काढून टाकला म्हणून आम्ही अभिमानाने सांगतो. आणि आता कुणीतरी तो आम्हांला लावीत होते. आम्ही म्हटले, "बाबा, मालक म्हणू नका. जयभीम म्हणा." ते हसले, पण पुन्हा मालकच म्हणाले.

"तुमचे गाव कोणते?" आम्ही विचारले. कचेरीतही पहिला प्रश्न हाच असतो. बाबा घोटाळले. "कुठलं सांगू?" मग सांगू लागले. पावसाळ्यानंतर मोहोळच्या अंगाला, अमुक ओढ्याच्या काठी, जिथे तीन लिंब आहेत तिथे. हिवाळ्यात बार्शी-वैरागकडे, कारण ज्वारी भरात असते आणि राखणीला माणूस लागतो. नंतर नान्नजचा माळ. पूर्वी तिथे राहत होते, आता थांबू देत नाहीत, कडेकडेने जातात. कोणत्या विहिरीवर पाणी भरू देतात, कोणत्या गावचा पोलीस पाटील रात्रीची रात्र काढू देतो, कुठे बापाला पुरले, कुठे पोरगी झाली. अर्धा तास ते बोलत होते. सारा उत्तर सोलापूर आणि बार्शी तालुका त्यांच्या बोलण्यात होता, पण त्यात एकही सर्व्हे नंबर नव्हता.

पुढे वाचनालयातून दोन-चार पुस्तके आणून वाचली तेव्हा कळले की, मानववंशशास्त्र नावाच्या विद्येत या गोष्टीचा मोठा विचार झालेला आहे. आदिवासी आणि भटक्या लोकांचा मुलूख म्हणजे काय? पूर्वीचे गोरे अंमलदार म्हणत, जो शेत कसत नाही, कुंपण घालत नाही, त्याची जमीनच नाही, तो नुसता फिरतो. अभ्यासकांनी जाऊन, राहून, विचारून पाहिले तेव्हा उलटे दिसले. फिरणाऱ्यालाही मुलूख असतो. तो चौकोनी नसतो, वाटेसारखा लांबट असतो. पाणवठे, झाडे, मसणवटे आणि नाती यांनी तो बांधलेला असतो. इव्हान्स-प्रिचर्ड नावाच्या इंग्रज पंडिताने दक्षिण सुदानमधील नुएर लोकांवर १९४० साली ग्रंथ लिहिला. त्यात तो म्हणतो की या लोकांचे अंतर मैलांत मोजून कळणार नाही. जवळचे गाव वैरामुळे लांबचे असते आणि लांबचे गाव नात्यामुळे जवळचे. हे वाचून आम्हांला नवल वाटले नाही. महारवाड्यापासून गावची विहीर पन्नास पावलांवर होती. ती किती लांब होती, हे आपल्या आज्यांना विचारावे.

आपल्याच महाराष्ट्रातले काम पाहा. कैलाशचंद्र मल्होत्रा, माधव गाडगीळ व त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम महाराष्ट्रातील तीन भटक्या जमातींचा अभ्यास १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रसिद्ध केला. फासेपारधी, वैदू आणि नंदीवाले. तिघेही एकाच माळावरून हिंडतात. मग भांडणे कशी होत नाहीत? कारण तिघांची शिकार वेगळी आणि हत्यारे वेगळी. फासेपारधी फासे लावून काळवीट, तितर, लावे धरतात. वैदू सापळे लावून मुंगूस, उदमांजर अशी लहान जनावरे धरतात, ओढ्या-नदीतले खेकडे-कासव धरतात. नंदीवाले कुत्री घेऊन घोरपड, रानडुक्कर, साळिंदर यांच्या मागे जातात. एकच माळ, पण त्याचे तीन थर, तिघांचे तीन. शिवाय नंदीवाल्यांच्या घराघरांची फिरण्याची गावे ठरलेली असत. तीन वर्षांतून एकदा इंदापूर तालुक्यात वडापुरीला सारे जमत आणि तेथे जातपंचायतीत तंटे तुटत. जातपंचायतीचे गोडवे आम्ही गाणार नाही. त्यातून बायकांवर झालेले अन्याय सर्वांना ठाऊक आहेत. पण ज्यांना आपण 'ना घर ना दार' म्हणतो त्यांच्याकडे जमिनीचा केवढा बारीक हिशेब होता, एवढे तरी मान्य करावे लागते.

आता त्या माळाचे काय झाले? नान्नजचा माळ माळढोक पक्ष्यामुळे प्रसिद्ध झाला. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकार गुन्हा ठरली. १९७९ साली सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत मिळून माळढोक अभयारण्य जाहीर झाले, तेही तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचे. त्यात तालुक्यांची गावे, बाजार, शेते सारे आले. लोकांची ओरड झाल्यावर २०१२ साली ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले. बागाईतदारांना आवाज होता, तो ऐकला गेला. पारध्याला कुणी विचारल्याचे आमच्या वाचनात आले नाही. मधल्या काळात १९८० मध्ये उजनी धरण पुरे झाले, कालवे आले, जिथे गवत होते तिथे ऊस उभा राहिला. काळवीट आहेत, लोक गाडी थांबवून फोटो काढतात. माळढोक आता दिसला तर बातमी होते. तो पारध्याच्या फाशाने संपला की उसाने, हे ज्याने त्याने ठरवावे. आमचे मत आम्ही सांगून चुकलो आहोत.

पक्षी वाचू नयेत असे आमचे म्हणणे नाही. पंचशील घेणाऱ्या घरात प्राणिहत्येची तरफदारी कोण करील? पण एका माणसाचे पोट ज्या दिवशी गुन्हा ठरते त्या दिवशी त्याच्या हातात दुसरे काय दिले, हा प्रश्न शीलाच्या बाहेरचा नाही.

समाजबांधवांनो, येथे आपण आपल्याकडे पाहू. गावाची शिव कोणती, हे गावात सर्वांत चांगले कोण जाणत असे? महार. दोन गावांचा शिवेचा तंटा उभा राहिला की महाराची साक्ष घेत. तो ज्या वाटेने चालत जाई ती शिव धरीत. गावाची हद्द सांगणारा, राखणारा आणि सरकारी पत्र वाहणारा तोच, आणि गावाच्या आत घर नसणारा तोच! त्याचे घर गावकुसाबाहेर, बहुतेक ठिकाणी पूर्वेला, म्हणजे पश्चिमेकडून येणारा वारा त्याच्या अंगावरून गावाकडे जाऊ नये. वाऱ्याचीही शिव पाळणारा असा देश दुसरीकडे असेल असे वाटत नाही.

मंगळवेढा आमच्याच जिल्ह्यात. परंपरा सांगते की १३३८ साली तेथील गावकुसाचे बांधकाम चालू असता भिंत कोसळली आणि तिच्याखाली चोखोबा गाडले गेले. कुणाला बाहेर ठेवणारी भिंत होती ती? आम्ही लहानपणी मंगळवेढ्याला जात असू, पण हा प्रश्न आम्हांला कुणी शिकविला नाही. तो शिकविला बाबासाहेबांनी. १९४८ साली त्यांनी 'अस्पृश्य मूळचे कोण' या विषयावरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीला अर्पण केला.

तो ग्रंथ खरे तर जागेचाच ग्रंथ आहे. अस्पृश्य गावाबाहेर का राहतात, या एका प्रश्नावरून बाबासाहेब सुरुवात करतात. त्यांचे म्हणणे असे : आदिम काळी सर्वच टोळ्या गुराढोरांमागे भटकत होत्या. मग काही शेती करून स्थिरावल्या, काही भटक्याच राहिल्या. भटक्या टोळ्या स्थिर टोळ्यांवर हल्ले करीत. युद्धांत ज्या टोळ्या फुटल्या त्यांतली वाताहत झालेली माणसे आसऱ्याला आली. त्यांनी राखण करायची आणि बदल्यात अन्न-निवारा घ्यायचा, असा करार झाला. पण गावात राहायचा हक्क रक्ताच्या नात्याने मिळे, म्हणून या परक्यांना वेशीबाहेर जागा दिली. आयर्लंड आणि वेल्समध्येही अशीच परकी माणसे गावाच्या कडेला राहत, याचे दाखले ते देतात. तेथे ती पुढे मिसळून गेली. येथे त्यांच्यावर विटाळ लादला गेला, म्हणून ती बाहेरच राहिली. या उपपत्तीवर पंडितांनी वाद घातले आहेत, घालोत. आम्हांला त्यातली एक गोष्ट त्या रात्री फार जाणवली. बाबासाहेबांच्या लेखी आपण आणि ते भटके मुळात एकाच वाटेवरचे. कोणी आधी थांबले, कोणी नंतर.

त्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेब तीन समाजांची नावे एकत्र घेतात : सुमारे दोन कोटी गुन्हेगार ठरविलेल्या जमाती, दीड कोटी आदिवासी आणि पाच कोटी अस्पृश्य. आपण आपले पाच कोटी लक्षात ठेवले. बाबासाहेबांचा या जमातींशी संबंध कागदावरचा नव्हता. १९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य व आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते ओ. एच. बी. स्टार्ट, म्हणजे ज्या साहेबाच्या देखरेखीखाली या तारेच्या वसाहती उभ्या राहिल्या तोच अंमलदार. आणि सभासदांत बाबासाहेब होते. १९३० साली अहवाल सादर झाला.

'सेटलमेंट' हा शब्द बाबासाहेबांनीही वापरला आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? जुलै १९४२ च्या नागपूरच्या परिषदेत अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी सेटलमेंट कमिशन मागितले. पडीक सरकारी जमिनी ताब्यात घेऊन तेथे अनुसूचित जातींची स्वतंत्र गावे वसवावीत, असे त्याचे काम. शब्द एकच. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये माणसांना कोंडण्यासाठी जमीन होती, बाबासाहेबांच्या सेटलमेंटमध्ये माणसांना उभे राहण्यासाठी. ते कमिशन काही झाले नाही. मग १९६४ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, आपल्या माणसांनी तुरुंग भरले. पडीक आणि गायरान जमिनी कसणाऱ्याला द्या, अशी मागणी होती, आणि ती न्याय्य होती. फक्त एक टोचणी राहते. सरकारी दप्तरात 'पडीक' लिहिलेला माळ पारध्याच्या लेखी पडीक नव्हता. भूमिहीन दोघेही, आणि जमीन मात्र एकच.

नकाशावरची रेघ माणसाचे काय करते, त्याचा एक नमुना सांगतो. कैकाडी समाज विदर्भात अनुसूचित जातींत मोडतो. तोच कैकाडी सोलापुरात विमुक्त जातींत येतो. सख्ख्या बहिणी, एक अमरावतीला दिलेली, एक सोलापूरला, तर दोघींच्या पोरांचे दाखले वेगळे आणि सवलती वेगळ्या. जात तीच, बोली तीच, टोपल्या विणायची हातोटी तीच. फक्त जिल्ह्याची हद्द बदलली. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' ज्यांनी वाचले आहे त्यांना या समाजाच्या पाठीवरच्या बिऱ्हाडाची ओळख आहेच.

जगात यावर तोड निघाल्याचे उदाहरण नाही असे नाही. ऑस्ट्रेलियात गोऱ्यांनी सरळ म्हटले होते की ही भूमी आम्ही आलो तेव्हा कुणाचीच नव्हती. मेर नावाच्या एका लहानशा बेटावरचा एडी माबो हा माणूस न्यायालयात गेला. आमच्या बागा, आमच्या हद्दी बापाकडून मुलाकडे आल्या आहेत, कुंपण नसले तरी प्रत्येकाला ठाऊक आहेत, असे त्याने व त्याच्या सोबत्यांनी मांडले. दहा वर्षे खटला चालला. ३ जून १९९२ रोजी ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 'कुणाचीच नसलेली भूमी' हे तत्त्व फेटाळले. माबो त्या आधी जानेवारीतच वारला होता. आपल्याकडे गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गोंड गावाने २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळविला. पण गाव असलेल्यांचे ते झाले. ज्याची वाट हेच गाव आहे, त्याने कोणत्या ग्रामसभेत हात वर करावा?

आता धम्माकडे येतो. आमच्या रविवारच्या वर्गात एक भंतेजी विनयातील 'सीमा' समजावून सांगत असत. उपोसथासाठी संघाने सीमा ठरवायची ती डोंगर, दगड, वन, झाड, वाट, वारूळ, नदी आणि पाणी या खुणांनी. बाबांच्या बोलण्यातल्या खुणा आठवून पाहा! आणि सीमा कशासाठी? तिच्या आत जेवढे भिक्खू असतील तेवढ्या सर्वांनी एकत्र यावे, आजाऱ्याने निदान आपली संमती पाठवावी, एकही सुटू नये, यासाठी. आपण भिंत घालतो ती कोण नको ते ठरविण्यासाठी.

आणि सिद्धार्थाने घर का सोडले? म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहिले म्हणून, असे आपल्याला पूर्वी सांगत. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी ते मान्य केले नाही. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा झाला, शाक्य संघाने युद्धाचा ठराव केला, सिद्धार्थाने विरोध केला आणि परिव्रज्या पत्करली. म्हणजे हद्दीच्या भांडणात तो आपल्या माणसांच्या बाजूने उभा राहिला नाही. पुढे पंचेचाळीस वर्षे चारिका केली. गाव कोणते, असे तथागतांना कोणत्या कचेरीत विचारले असते तर त्यांनी काय सांगितले असते?

अर्ज आम्ही दिला नाही. हे लिहिताना फार अभिमान वाटतो असे नाही, कारण तो लिहिलाही आम्हीच होता. पुढच्या बैठकीत एक तरुण कार्यकर्ता चिडून म्हणाला, "काका, पुढे होऊन लिहिलात तुम्ही, आता मागे फिरताय तुम्ही. उद्या यांनी पक्के बांधकाम केले तर विहाराचे सभागृह कुठे घ्यायचे?" त्याचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. सभागृहासाठी वस्तीने वर्षानुवर्षे वर्गणी जमविली आहे. बिड्या वळणाऱ्या बायांनी हजारी मागे दोन-दोन रुपये बाजूला ठेवून दिलेले पैसे आहेत ते. एकाने आंघोळी आणि शौचाचा प्रश्न काढला, तोही खरा होता. शेवटी ठरले की राहू द्यावे, पाणी विहाराच्या नळावरून भरू द्यावे, शेळ्या आवारात येऊ नयेत. सात-आठ जण उठून गेले. दोघे आमच्याशी अजून नीट बोलत नाहीत.

आई काठी टेकत एकदा पालाकडे जाऊन आली. त्या बाबांच्या मालकिणीपाशी बसली, चहा प्याली. घरी येऊन एवढेच म्हणाली, "तिच्याबी सासऱ्याला तारंत ठिवलं हुतं."

जयंतीच्या आधी एका पहाटे पालं उठली. कुणी उठविली नाहीत, त्यांची वेळ झाली म्हणून गेली. मागे काळवंडलेले दगड राहिले. वस्तीतल्या पोरांनी तिथे क्रिकेटचा खेळ मांडला.

यंदा गड्ड्यानंतर ती पुन्हा आली. या वेळी तीनच पालं होती. चौथ्याचे विचारले तर बाबा म्हणाले, "ते बार्शीकडं थांबलं." पुढे बोलले नाहीत आणि आम्हीही खोदून विचारले नाही. आम्हांला मात्र ते अजून मालकच म्हणतात. घरी येऊन आईला सांगितले की पारधी आले आहेत. ती भाकरी मोडत होती. मान वर न करता म्हणाली, "नळ आता साडेपाचला येतुया म्हणून सांग त्येंला. गेल्या साली सहाला हुता."